माळव्याची अफू आणि शांघायची टोळी

मागच्या बैठकीत माळव्याच्या अफूचा विषय निघाला, तेव्हा एका सभासदांनी विचारलं, "पेट्या मुंबईहून चीनला गेल्या, पुढे काय झालं?" हे टिपण त्या प्रश्नासाठी.

होळकर-शिंद्यांच्या मुलखातली अफू इंदूर-उज्जैनचे सावकार घेत. कंपनीचा कर चुकवून बराच माल कराची-दमणच्या वाटेने जाई. १८३० पासून कंपनीने शुल्क घेऊन मुंबईची वाट खुली केली. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली.

चिनी टोळ्या मात्र अफूतून जन्मल्या नाहीत. 'तिआनदीहुई' हा 'स्वर्ग-पृथ्वी संघ' १७६० च्या सुमारास फूजियान प्रांतात निघाला, तो पोटासाठी घर सोडलेल्यांच्या आधाराला. शपथ घ्यायची आणि अडल्यानडल्याला भावासारखं उभं राहायचं. १७८६ मध्ये तैवानात बंड झालं, त्यानंतर सरकार त्याच्या मागे लागलं. अशाच संघांना पुढे 'ट्रायड' हे नाव पडलं. हाँगकाँगात इंग्रजांनी १८४५ मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला. शांघायच्या 'हरित टोळी'चं मूळ तर कालव्यावरून सरकारी धान्य वाहणाऱ्या नावाड्यांत.

मग अफूचा संबंध कुठे आला? १८५८ पासून चीनमध्ये अफूची आयात उघड, कर भरून चाले. १९०७ मध्ये ती टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरलं आणि १९१३ मध्ये भारतातून माल जाणं बंद झालं. मी पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर. एक व्हॉल्व्ह बंद केला की दाब नाहीसा होत नाही, दुसरीकडे फुटतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. ओढणारे राहिलेच, धंदा फक्त चोरीचा झाला. शांघायच्या फ्रेंच वसाहतीत हुआंग जिनरोंग हा पोलिसांतला बडा अधिकारी आणि टोळीचाही म्होरक्या! त्याचा शागीर्द दू युएशेंग अफूच्या पैशावर शहराचा धनी बनला. १२ एप्रिल १९२७ ला चांग कै-शेकसाठी याच टोळीने कामगार संघटनांवर हत्यारं चालवली. दू १९४९ मध्ये हाँगकाँगला पळाला, १९५१ मध्ये तिथेच वारला.

दूच्या काळातली अफू बहुतेक चीनमध्येच पिकलेली होती. त्यामुळे 'आमच्या अफूने टोळी पोसली' असं सरळ म्हणता येत नाही. पण गिऱ्हाईक तयार करण्यात माळव्याचा वाटा होता, हे कबूल करायला हवं. आपण जुन्या पेढ्यांच्या वैभवावर लिहितो, तेव्हा हिशेबाची ही बाजूही मांडायला हवी.