यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग उद्योग आणि फिरत्या पेट्यांचा प्रेस : मालाच्या दिशाबदलाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाचा जिल्हा अशी आहे. या कापसाच्या इतिहासाचा विचार बहुधा लागवड, बाजारभाव आणि शेतकऱ्यांचे कर्जबाजारीपण या अंगांनी झाला आहे. शेतातून निघालेला कापूस गाठीच्या रूपात बाहेर पडेपर्यंत कारखान्याच्या आवारात कोणत्या मार्गाने फिरतो, त्या मार्गात तो कुठे थांबतो आणि कुठे वळतो, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. यंत्राने माल वाहून नेणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत सरळ अंतर कापणे सोपे असते. खरी अडचण दिशा बदलण्याच्या जागी उभी राहते. ही अडचण सोडविण्याचे एक जुने साधन म्हणजे टर्नटेबल, अर्थात फिरता चौथरा. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात तो फिरत्या पेट्यांच्या प्रेसच्या रूपाने आला. प्रस्तुत लेखात या प्रेसच्या आधारे जिल्ह्यातील मालवाहतुकीच्या दिशाबदलाचा आणि त्यासोबत बदललेल्या श्रमाचा आढावा घेण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून उत्तरेत मिर्झापूरपर्यंत जात असे. सैलसर बांधलेला हा माल वाटेत अनेकदा उतरवावा आणि पुन्हा लादावा लागे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची गरज भासली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. यानंतर वऱ्हाडच्या कापसाची मुख्य दिशा मुंबई बंदराकडे वळली.

तथापि, हा लोहमार्ग यवतमाळपासून दूर होता. जवळचे स्थानक धामणगाव सुमारे ४६ किलोमीटरवर असल्याने गाठी बैलगाड्यांतून तेथवर न्याव्या लागत. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा, सुमारे ११३ किलोमीटर लांबीचा अरुंद लोहमार्ग झाला. लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून आपलीशी केलेली गाडी ती हीच. या मार्गाने बैलगाडीचा प्रवास वाचविला, पण मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलत असल्याने छोट्या वाघिणीतील प्रत्येक गाठ मोठ्या वाघिणीत माणसांकरवी चढवावी लागे. अंतर यंत्राने कापले, वळण मात्र हमालाच्या खांद्यावर राहिले. हाच क्रम कारखान्याच्या आवारातही दिसून येतो.

जुन्या कारखान्यातील मालाचा मार्ग

जिनिंग म्हणजे कापसातील रुई आणि सरकी वेगळी करणे व प्रेसिंग म्हणजे त्या रुईची घट्ट गाठ बांधणे. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात शेतकऱ्याची गाडी आवारात रिकामी होई आणि कापसाचे ढीग उघड्यावर लागत. तेथून मजूर, प्रामुख्याने स्त्रिया, टोपल्यांतून वा गाठोड्यांतून कापूस जिनच्या ओट्यावर नेत आणि हाताने यंत्राला पुरवीत. यंत्रातून पडलेली रुई पुन्हा गोळा करून ‘पाला हाउस’ या दालनात टाकली जाई. तेथे ती निवडली जाई, सुकी असल्यास तिच्यात थोडी आर्द्रता येऊ दिली जाई आणि मग ती प्रेसपर्यंत वाहून नेली जाई. जिन आणि प्रेस ही यंत्रे वाफेवर वा विजेवर चालत असली, तरी त्यांच्यामधील प्रत्येक टप्पा डोक्यावरच्या ओझ्याने जोडलेला होता.

मालाने कोणत्या दिशेने जावे हा प्रश्न कायद्यापर्यंतही पोहोचला होता. १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाना अधिनियमाने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे आवश्यक केले. नव्याने बांधल्या जाणाऱ्या जिनघराला कच्चा कापूस आत आणण्यासाठी आणि रुई बाहेर नेण्यासाठी स्वतंत्र दारे असावीत, अशीही तरतूद त्यात होती. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल एकाच दारी भेटला की भेसळीला वाव मिळतो, हे त्यामागील तत्त्व होय.

फिरत्या पेट्यांची कल्पना

रुई प्रेसपर्यंत पोहोचल्यावर वेगळीच अडचण येते. जिनमधून रुई अखंड वाहत असते, तर गाठ एकेक करूनच बांधता येते. पेटी भरणे, रुई दाबणे, बांधणे आणि गाठ बाहेर काढणे ही सर्व कामे एकाच पेटीत करायची तर दाबताना भरणे थांबते आणि भरताना दाब रिकामा राहतो. यावर एकोणिसाव्या शतकातील यंत्रकारांनी काढलेला उपाय म्हणजे एका मध्यवर्ती खांबाभोवती फिरणाऱ्या दोन पेट्या. अमेरिकेत टेक्सासमधील रॉबर्ट मंगर यांनी १८८० च्या दशकात हवेच्या झोताने कापूस ओढून घेणे, पट्ट्याने तो जिनांना वाटणे आणि दुपेटी प्रेसने गाठ बांधणे यांची सलग साखळी उभी केली. भारतातील मोठ्या प्रेसिंग कारखान्यांसाठी लिव्हरपूलची फॉसेट प्रेस्टन, मँचेस्टरजवळील नॅस्मिथ विल्सन यांसारख्या कंपन्या जलदाबाचे प्रेस पुरवीत असत.

या रचनेचे कार्य सोपे आहे. एक पेटी भरण्याच्या जागी असते, दुसरी दाबाच्या जागी. पहिली भरली की चौथरा अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरतो आणि पेट्या जागा बदलतात. भरलेली पेटी मुख्य दट्ट्यासमोर येते व रिकामी पेटी रुईच्या प्रवाहाखाली जाते. जुन्या काळी पेटीत उतरून माणसे पायांनी रुई तुडवीत. आजच्या यंत्रातील ‘ट्रॅम्पर’ या भागाचे नाव त्याच तुडवण्याची आठवण देते.

सर्वसाधारण मालवाहक पट्ट्यावरील टर्नटेबलाशी तुलना केल्यास या यंत्राचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. पट्ट्यावर टर्नटेबल बसविले असता खोके वा गठ्ठा त्यावर येऊन थांबतो, चौथरा ९० वा १८० अंश फिरतो आणि माल पुढच्या पट्ट्यावर जातो. यामुळे कमी जागेत काटकोनात वळता येते व मालाची बाजू हवी तशी ठेवता येते. किंमत मोजावी लागते ती थांबण्याच्या वेळेची. याच जिल्ह्यातील वणी परिसरात खाणींतून निघणाऱ्या कोळशासारख्या सुट्या मालाला अशा साधनाची गरज नसते. एका पट्ट्यावरून तो दुसऱ्या पट्ट्यावर पाडला की दिशा बदलते. गाठ अशी पाडता येत नाही. दुपेटी प्रेस सुट्या आणि बांधलेल्या मालाच्या नेमक्या सीमेवर उभा आहे. चौथरा फिरत असताना रुई मागील उतरंडीवर काही क्षण साचते आणि नवी पेटी जागी येताच खाली उतरते. त्यामुळे जिन थांबत नाहीत.

आधुनिकीकरण आणि त्याचे परिणाम

महाराष्ट्रात १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना अमलात आली. तिच्या काळात अनेक कारखाने पणन महासंघाच्या कापसाचे जिनिंग-प्रेसिंग ठराविक दराने करून देत. नव्या यंत्रांत भांडवल घालण्याची निकड त्यामुळे कमी राहिली, असे म्हणता येते. केंद्र शासनाने २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातील चौथे लघु अभियान जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी होते. कापसाला माणसाचा हात आणि जमिनीची धूळ जितकी कमी लागेल तितकी रुई स्वच्छ, हे त्याचे सूत्र होते. हवेने ओढणाऱ्या नळ्या, वाटप करणारे पट्टे, आपोआप भरण करणारी साधने आणि ट्रॅम्परसह दुपेटी प्रेस ही रचना त्यातून रूढ झाली.

या बदलाचे मोजमाप साध्या हिशेबाने करता येते. भारतातील प्रमाण गाठ १७० किलोग्रॅमची असते. रुईचा उतारा ३४ टक्के धरल्यास एका गाठीसाठी पाच क्विंटल कापूस लागतो. उदाहरणादाखल ताशी १२ गाठी बांधणारा कारखाना घेतला, तर तासाला ६० क्विंटल कापूस आत येतो आणि २० क्विंटलांहून अधिक रुई प्रेसपर्यंत जाते. जुन्या पद्धतीत हे सर्व वजन एकापेक्षा अधिक वेळा माणसांनी उचललेले असे. ओझे कमी झाले, धुळीत राबणे कमी झाले, हा लाभ निर्विवाद आहे. पण ते ओझे ज्यांच्या डोक्यावर होते, त्या भूमिहीन स्त्रियांसाठी दिवाळीनंतरच्या हंगामातील ती मजुरीही होती. पट्टा आणि फिरता चौथरा आल्यावर ओझ्याबरोबर ही मजुरीही आटली. उरलेल्या कामाची गती प्रेसच्या फेऱ्याने ठरू लागली. फिरती पेटी जागेवर पक्की अडकल्याशिवाय दट्ट्या सुरू न होणे आणि फिरण्याच्या घेऱ्यात माणूस नसणे, या सुरक्षेच्या अटी म्हणूनच अनिवार्य ठरतात.

समारोप

यवतमाळच्या कापसाच्या प्रवासात वाहतुकीची साधने एकामागून एक बदलली. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले. पुढे त्या मार्गावरील गाडीही बंद पडली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या मार्गातील वर्धा ते कळंब या रुंद लोहमार्गाचे उद्घाटन झाले. या सर्व बदलांत एक बाब सातत्याने दिसते : सरळ वाटेवर यंत्र आधी आले आणि वळणावर माणूस सर्वांत शेवटपर्यंत राहिला. फिरत्या पेट्यांच्या प्रेसने कारखान्यातील असे एक महत्त्वाचे वळण यंत्राच्या स्वाधीन केले. त्याने वाचविलेला वेळ आणि वाढविलेली स्वच्छता रुईच्या मूल्यात दिसते. पाच क्विंटल कापूस पिकवणाऱ्याच्या आणि तो पूर्वी उचलणारीच्या पदरात तिचा वाटा आपोआप पडत नाही. म्हणून जिनिंग-प्रेसिंग उद्योगाच्या इतिहासात यंत्रांच्या क्षमतेबरोबरच वळणावर उभ्या राहिलेल्या श्रमाचीही नोंद होणे आवश्यक आहे.