कुकटपल्लीतील शनिवारचा सामना : मैदानाविना वाढलेले हौशी फुटबॉल

हैदराबादच्या वायव्येस, शहरात ‘मुंबई हायवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुकटपल्ली पसरले आहे. पुण्याहून सोलापूरमार्गे मच्छलीपट्टणमला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ याच उपनगरातून शहरात शिरतो. गृहनिर्माण मंडळाची केपीएचबी ही विस्तीर्ण वसाहत, जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठ, २०१७ पासून धावणारी मेट्रो आणि जवळच असलेली हायटेक सिटी यांमुळे येथील वस्ती तरुण आणि पगारदार आहे. तिच्यात परगावाहून आलेल्यांचा भरणाही मोठा आहे. या वस्तीचे फुटबॉल शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे भाड्याच्या टर्फवर खेळले जाते.

टर्फ म्हणजे वाळू आणि रबराचे बारीक कण भरलेली कृत्रिम हिरवळ, चारही बाजूंना आणि बहुधा वरूनही बांधलेली जाळी आणि प्रखर दिवे. तासाच्या हिशेबाने ती भाड्याने मिळते. संघ हा शब्द येथे सैल अर्थाने वापरावा लागतो. नोंदणी, घटना, पदाधिकारी यांपैकी काही नसते. असतो तो एक व्हॉट्सअ‍ॅप गट आणि त्यातील एक चिकाटीचा माणूस. आठवड्याच्या मध्यावर तो नावे मागवतो. पाच-पाचच्या सामन्याला दहा आणि सात-सातच्या सामन्याला चौदा नावे लागतात. ऐनवेळी दोघे गळाले तरी तासाचे भाडे तेवढेच राहते आणि उरलेल्यांचा वाटा वाढतो. म्हणून जाणती मंडळी पैसे आगाऊ घेतात. हौशी संघ टिकण्यात कौशल्यापेक्षा या वसुलीचा वाटा मोठा असतो, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

नियमपुस्तकातील फुटबॉलशी या खेळाचे नाते दूरचे आहे. पूर्ण मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर असते. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. पाच-पाच जणांच्या खेळाचे आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले रूप म्हणजे फुटसाल. त्यात गोल तीन मीटर बाय दोन मीटरचा आणि चेंडू लहान व कमी उसळणारा असतो. वेळ वीस-वीस मिनिटांची असते. टर्फवरचा खेळ या दोहोंच्या मधला आहे. चेंडू सहसा मोठ्या फुटबॉलचा असतो आणि जागा जवळपास फुटसालची. ऑफसाइड नसते, बदली खेळाडू हवा तेव्हा आत-बाहेर करतो, घसरून चेंडू काढण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते. पंच नसल्याने फाऊल ज्याने केला त्यानेच कबूल करायचा, हा संकेत. गोलरक्षक व्हायला कोणीच राजी नसते. ती जबाबदारी पाळीपाळीने फिरते.

जाळीमुळे आणखी एक फरक पडतो. अनेक टर्फवर जाळीवर आदळून परतलेला चेंडू खेळातच मानला जातो. मोकळ्या मैदानावर थ्रो-इन, गोलकिक, दूर गेलेला चेंडू आणणे यांत जो श्वास घ्यायला मिळतो, तो येथे मिळत नाही. म्हणूनच आठवडाभर खुर्चीत बसलेल्या पस्तिशीच्या गृहस्थाला टर्फवरचा एक तास अपेक्षेपेक्षा फार जड जातो.

हे सारे ज्या शहरात घडते त्याचा फुटबॉलमधील पूर्वेतिहास लक्षात घेतल्याशिवाय या बदलाचे मोल कळणार नाही. १९५० पासून हैदराबाद शहर पोलीस संघाचे प्रशिक्षकपद सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे होते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला. संतोष करंडक १९५६-५७ आणि १९५७-५८ मध्ये हैदराबादकडे गेला. रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक पटकावले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवताना हॅट्ट्रिक केली ती गोमंतकीय वंशाच्या नेव्हिल डिसोझा यांनी. संघात तुळशीदास बलराम, पीटर थंगराज, नूर मोहम्मद, अझीझुद्दीन असे हैदराबादशी नाते असलेले अनेक खेळाडू होते. गोवा आणि हैदराबाद यांचा फुटबॉलमधला संबंध असा जुना आहे.

पेशाने शिक्षक असलेले रहीम कमकुवत पायानेच चेंडू मारण्याच्या, ड्रिबलिंग वर्ज्य असलेल्या अशा आगळ्या स्पर्धा भरवत. चेंडू पायाशी घोटाळत ठेवू नये, चटकन पुढे द्यावा, ही सवय लागावी हा हेतू. योगायोग असा की टर्फच्या अरुंद जागेतही नेमके हेच कौशल्य उपयोगी पडते. जो चेंडू घेऊन पळतो तो दोन पावलांत जाळीला भिडतो; जो पहिल्या स्पर्शात पास देतो तो जिंकतो.

साम्य मात्र येथेच संपते. रहीम यांच्या काळातील खेळाडू मोकळ्या मैदानांवर घडला आणि पोलीस खात्यासारख्या संस्थेने त्याला नोकरी दिली. मैदानावर खेळणारे बावीस असत, पण कडेला उभे राहून पाहणारी पोरे कितीतरी अधिक असत. एखादा मोठा खेळाडू आला नाही की त्यांतल्याच एकाला आत बोलावले जाई. हे शिक्षण फुकट होते आणि त्याला कोणी शिक्षण म्हणतही नसे. टर्फला कड नाही. जाळीबाहेर गाड्या लावण्याची जागा असते. तिथे खेळणारे सारे पैसे भरून आलेले प्रौढ असतात. त्यांचा खेळ पाहून शिकणारा दहा वर्षांचा मुलगा त्या तासाला तिथे नसतो. आत शिरण्याइतके पैसेही त्याच्या हाती नसतात.

गोमंतकीय वाचकाला हा फरक चटकन उमगेल. १८८३ मध्ये शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी हा खेळ आणल्यापासून गोव्याचे फुटबॉल शाळा, चर्च आणि वाड्यांच्या आधाराने वाढले. भातकापणी झाल्यावर रिकाम्या शेतात दोन काठ्या रोवल्या की मैदान तयार होते आणि वाड्याच्या संघात काका व पुतण्या एकत्र खेळतात. २०१२ मध्ये गोवा सरकारने फुटबॉलला राज्य खेळाचा दर्जा दिला. तरीही वरच्या पातळीवर गोव्यालाही धक्के बसले. उद्योगसमूहांच्या पाठबळावर उभे राहिलेले धेंपो आणि साळगावकर हे क्लब, तसेच स्पोर्टिंग क्लब द गोवा, २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. हैदराबादची कथा याहून कठोर आहे. पुण्याच्या क्लबची जागा घेऊन २०१९ मध्ये हैदराबाद एफसी उभा राहिला. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून त्याने इंडियन सुपर लीग जिंकली आणि २०२५ मध्ये तो संघच दिल्लीला हलवण्यात आला. गोव्यात क्लब गेले तरी वाडा उरला. कुकटपल्लीत वाडा नव्हताच. तिथे उरला तो शनिवारचा तास, आणि त्याला कमी लेखता येणार नाही. परक्या शहरात आलेल्या नोकरदाराला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, पण आपल्या बाजूचा बचावपटू कोणत्या पायाने खेळतो हे पक्के ठाऊक असते.

या तासाची शारीरिक किंमतही असते आणि ती सहसा गृहीत धरली जात नाही. व्यावसायिक संघामागे वैद्यकीय पथक असते. हौशी खेळाडूमागे सोमवारची हजेरी असते. कृत्रिम हिरवळीवर बुटाची पकड घट्ट बसते. लांब स्टडचे बूट घालून वळताना पाय रोवला जातो आणि गुडघा फिरतो. आखूड रबरी खुंट्यांचे टर्फ बूट तुलनेने सुरक्षित. उन्हात ही हिरवळ नैसर्गिक गवतापेक्षा बरीच तापते, म्हणून तेलंगणच्या उन्हाळ्यात रात्रीचे आणि पहाटेचेच तास शहाणपणाचे. ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा तयारीचा व्यायाम नियमित केल्यास दुखापती जवळपास एक तृतीयांशाने घटतात, असे चाचण्यांत आढळले आहे. अडचण अशी की तासाचे भाडे मोजलेल्यांना त्यातली वीस मिनिटे व्यायामावर घालवणे जिवावर येते. उपाय सोपा आहे : तयारी जाळीबाहेर, आपली वेळ सुरू होण्याआधी करावी. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे याकडे मात्र ‘फिटनेस कमी पडला’ म्हणून दुर्लक्ष करू नये. खेळ थांबवून रुग्णालय गाठावे.

काही गटांना पुढे अकरा-अकरांचा खेळ खुणावतो. हैदराबादच्या स्थानिक लीगला रहीम यांचेच नाव आहे. पण नोंदणीकृत क्लब म्हणून उतरायचे तर खेळाडूंची कागदपत्रे, ठरलेले गणवेश आणि कामाच्या दिवशीही सामन्याला हजर राहण्याची तयारी लागते. व्हॉट्सअ‍ॅप गट बहुधा येथेच थांबतो. पूर्ण आकाराचे मैदान मिळवणे हा वेगळाच प्रश्न.

टर्फच्या मालकांचे गणित शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढ्यावर चालते. आठवड्याच्या मधल्या दुपारी, शाळा सुटण्याच्या सुमारास, अनेक टर्फ मोकळ्या असतात. शनिवारी खेळणाऱ्या एखाद्या गटाने त्यातला एक तास वर्गणी काढून घेतला आणि फाटक उघडे ठेवले, तर जाळीबाहेरच्या मुलाला आत यायला दुसरे काही लागत नाही.