93 रुपयांची नोकरी

हिंगोली-वाशीम रस्त्यावर, समजा कनेरगाव नाक्याला, एसटीत तपासणी पथक चढलं की प्रवासी खिशात तिकीट शोधू लागतात. खरी धडधड कंडक्टरची. पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, असं खातेचौकशीत ठरलं तर नोकरी जाते.

अशी बडतर्फी कोर्टानं किती तपासायची? कलम 11-अ आलं 1971 मध्ये, तेव्हापासून औद्योगिक न्यायाधिकरण शिक्षा कमी करू शकतं. पण पुराव्याचा प्रश्न 1977 मध्ये हरियाणाच्या एका कंडक्टरच्या खटल्यात सुटला. प्रवाशांचे जबाब नाहीत म्हणून खालच्या कोर्टांनी त्याची बडतर्फी रद्द केली होती. सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती कायम केली. खातेचौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, पथकाच्या निरीक्षकाची साक्ष पुरे. पुरावा पुरेसा आहे का, हे कोर्ट बघत नाही. मुळात आहे का, एवढंच बघतं.

पुढे कर्नाटकातल्या एका कंडक्टरकडे हिशेबाबाहेरचे 93 रुपये सापडले. रक्कम छोटी म्हणून सूट नाही, प्रश्न विश्वासाचा आहे, असं कोर्ट म्हणालं. ते मला पटतं. खटकतं ते दुसरंच: पैसे दिलेला प्रवासी पुढच्या फाट्यावर उतरून जातो, आणि त्याला कुणी काही विचारलंच पाहिजे असं नाही.