व्हिक्टोरिया सरोवर आणि एक शासकीय निर्णय

प्रशासनाच्या इतिहासात सद्हेतूने घेतलेले चुकीचे निर्णय मला सर्वाधिक बोधप्रद वाटतात. पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च हा शिकारी मासा सोडण्याचा निर्णय त्यांपैकीच एक.

ब्रिटिश अमदानीत बेसुमार मासेमारीने तेथील तिलापिया घटला होता. उरलेल्या लहान, काटेरी माशांना भाव नव्हता. ते खाऊन वाढणारा मोठा मासा आणावा, असा मत्स्य अधिकाऱ्यांचा हिशेब होता. १९५४ मध्ये युगांडाच्या बाजूने तो सरोवरात आला. १९६० मध्ये जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने लेखी इशारा दिला. तरीही १९६२-६३ मध्ये तो पुन्हा सोडण्यात आला.

१९८० च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली. सिक्लिड कुळातील सुमारे ५०० स्थानिक जातींपैकी अंदाजे २०० नाहीशा झाल्या. निर्यात वाढली, हे खरे. परंतु लहान मासे उन्हात सुकत, या तेलकट माशाला धुरी द्यावी लागे. त्यासाठी काठची झाडे तुटली.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. आफ्रिकन मांगूरच्या संवर्धनावर भारतात २००० साली बंदी आली. तरी २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्याबाबत आदेश द्यावे लागले. शासन निर्णय रद्द करता येतो, पाण्यात वाढलेला मासा परत बोलावता येत नाही. म्हणून विरोधी मत नस्तीवर आधी यावे, असे मला वाटते.