वीतभर पोशाखाचा हिशेब

बाहुली एकदाच विकत घेतली जाते. तिचे कपडे मात्र पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. ज्यांच्या घरी नात आहे त्यांना हे सांगावयास नको. आणि ज्यांना जुन्या बाहुल्या जमविण्याचा छंद आहे त्यांना तर मुळीच नको. दुकानात उभे राहून मनुष्य बाहुलीच्या किमतीचा विचार करतो, पण खर्चाला खरी सुरुवात होते ती त्यानंतर. वीतभर झग्याची किंमत ऐकली की ‘एवढ्याशा कापडाला एवढे पैसे?’ असा उद्गार सहज तोंडून निघतो. या प्रश्नाचे उत्तर बाहुल्यांच्या इतिहासात सापडते, आणि ते थोडे विचार करावयास लावणारे आहे.

आधी साधे गणित पाहू. माणसाच्या सहाव्या हिश्श्याएवढी बाहुली घेतली, तर तिच्या पोशाखाची लांबीही सहावा हिस्सा आणि रुंदीही सहावा हिस्सा. म्हणजे कापड लागणार ते छत्तिसाव्या हिश्श्याइतके. पण शिवण एकही कमी होत नाही. बाह्या दोनच, गळा एकच, दुमड तितकीच, काज-गुंड्याही तितक्याच. उलट बोटाएवढी बाही उलटवून सुलटी करणे हे मोठ्या बाहीपेक्षा कितीतरी अवघड. शिवाय आपल्या अंगावर जो दोरा बारीक दिसतो, तोच बाहुलीच्या अंगावर सुतळीसारखा दिसतो. म्हणून कापड तलम हवे, टाका बारीक हवा आणि हात सराईत हवा. आकार लहान झाला म्हणून श्रम लहान होत नाहीत. तेव्हा बाहुलीच्या पोशाखाची किंमत ही मुख्यतः कापडाची नव्हे, बोटांची किंमत होय. ती कोणी ना कोणी चुकती करतोच. कोणी केली, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

आरंभी ती राजाच्या खजिन्याने केली. फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाच्या दरबारी हिशेबात इ. स. १३९६ च्या सुमाराची एक नोंद आहे. रॉबेर द व्हारेन या दरबारी शिंप्याला बाहुलीच्या पोशाखांबद्दल साडेचारशेहून अधिक फ्रँक देण्यात आले होते. हे कपडे इंग्लंडच्या राणीसाठी होते, असे इतिहासकार मानतात. त्या काळी वेशभूषेची चित्रे छापणारी मासिके नव्हती. पॅरिसमध्ये काय नेसतात हे दाखविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे नटविलेली बाहुली पाठविणे. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत अशा बाहुल्यांना ‘पांडोरा’ असे नाव मिळाले. मोठी पांडोरा दरबारी वेशात, धाकटी घरगुती वेशात. या बाहुल्या खेळण्यासाठी नव्हत्याच. त्यांच्यावरील खर्च हा व्यापाराचा आणि राजनीतीचा खर्च होता, आणि म्हणून कोणी तो उधळपट्टी मानला नाही.

यानंतरचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. पुढे महाराणी झालेली व्हिक्टोरिया बालपणी केन्सिंग्टन राजवाड्यात फार एकाकी वाढली. तिच्यापाशी १३२ बाहुल्या होत्या. राजकन्येच्या बाहुल्या म्हणजे रत्नजडित असतील अशी आपली कल्पना; पण त्या होत्या साध्या लाकडी, सांध्यात हलणाऱ्या, तीन ते नऊ इंच उंचीच्या आणि अगदी स्वस्त. त्यांना मोल आले ते पोशाखामुळे. त्यांतील ३२ बाहुल्यांचे कपडे राजकन्येने स्वतः शिवले आणि बाकीच्यांचे तिच्या शिक्षिका बॅरोनेस लेझेन यांच्या हातचे. दरबारातील स्त्रिया, संगीतिकेतील नायिका, नर्तकी अशी प्रत्येकीला ओळख दिलेली होती, आणि कोणती बाहुली कोण याची यादी एका वहीत लिहिलेली होती. येथे पैसा जवळजवळ खर्चच झाला नाही. खर्च झाला तो वेळ. एका एकाकी मुलीपाशी तोच विपुल होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र हा हिशेब बाजारात आला. लंडन येथे १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात पॅरिसच्या झ्युमो यांना पदक मिळाले. पुढे याच घराण्याचे नाव बाहुल्यांच्या जगात सर्वांत मोठे झाले. परंतु त्या वेळच्या परीक्षकांनी आपल्या अहवालात जे लिहिले ते मौजेचे आहे. बाहुल्यांत वाखाणण्याजोगे काही नाही, त्यांच्या अंगावरील पोशाख मात्र फार सुंदर आहेत, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणजे पदक बाहुलीला नव्हे, तिच्या कपड्यांना मिळाले!

पॅरिसच्या व्यापाऱ्यांना हे मर्म नेमके कळले. १८६० ते १८८० या काळात तेथे बाहुलीसाठी संपूर्ण बासन तयार मिळू लागले. चिमुकली पेटी, तीत सकाळचा वेगळा, फिरावयास जाण्याचा वेगळा, समारंभाचा वेगळा असे झगे. शिवाय मोजे, हातमोजे, बूट, छत्री, पंखा. बाहुली साध्या अंतर्वस्त्रात घ्यावी आणि बाकीचे सवडीने घेत जावे, अशीही सोय होती. पासाज श्वाझल या छपराच्या गल्लीत तर बाहुल्यांच्या वस्तू विकणाऱ्यांची गर्दीच होती. श्रीमंत घरातील मुलीला या पेटीवरून पुढील आयुष्यातील रीतिभाती शिकविल्या जात. पेटीतील प्रत्येक टाका मात्र पॅरिसमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी घातलेला असे, आणि त्यांपैकी किती जणींच्या मुलींना असली बाहुली मिळाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

ज्यांना बासन परवडत नव्हते त्यांचे काय? त्यांना वाट दाखविली ती नियतकालिकांनी. १८६३ साली ‘ला पुपे मोदेल’ हे मुलींचे मासिक निघाले. त्यात बाहुलीच्या कपड्यांचे कागदी बेत येत. हाच विचार १९०५ साली ‘ला स्मेन द स्युझेत’ या साप्ताहिकाने अधिक चतुराईने अमलात आणला. वर्षाची वर्गणी आधी भरणाऱ्या मुलीला त्याने ‘ब्लोएत’ नावाची २७ सेंटिमीटर उंचीची बाहुली भेट दिली. बाहुली फुकट, पण तिच्या मापाचे बेत अंकाअंकातून येणार. ‘आपण ब्लोएतला कपडे घालू या’ अशा अर्थाचे ते सदर होते. साप्ताहिक बंद होईपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, असे हजाराहून अधिक बेत त्यात छापले गेले. महायुद्धाच्या काळात १९४० ते १९४६ अंक बंद होते, तेवढाच काय तो खंड.

या योजनेत दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. घरातील उरलेसुरले कापड घेऊन मुलीने स्वतः शिवावे, किंवा प्रकाशकाच्या सूचिपत्रातून तयार कपडे मागवावे. एकाच बाहुलीचे हे दोन संसार: एक सुईवर चालणारा, दुसरा पैशावर. मध्यमवर्गीय घरात पहिला चालला. मुलगी बेत कापावयास शिकली, कापड वाया न घालविण्यास शिकली, आणि एका झग्याला किती वेळ लागतो हे स्वतःच्या बोटांनी शिकली. अंदाजपत्रकाचा याहून चांगला धडा कोणता असणार?

राजकारणाला बाहुलीचा विसर पडला होता असे मात्र नव्हे. १९३८ साली इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ पॅरिसला गेले. त्या भेटीनिमित्त त्यांच्या दोन मुलींसाठी फ्रान्सने ‘फ्रान्स’ आणि ‘मारियान’ या दोन बाहुल्या दिल्या. त्यांच्यासोबत साडेतीनशेहून अधिक वस्तूंचे बासन होते; पॅरिसमधील नामांकित वस्त्रनिर्मात्यांनी आणि जवाहिऱ्यांनी ते सजविले होते. पुढे युद्ध आले, पॅरिस शत्रूच्या हाती गेले आणि सुटले. १९४५ च्या मार्च महिन्यात त्याच शहराने पुन्हा बाहुल्यांचाच आधार घेतला. कापड मिळत नव्हते, कोळसा मिळत नव्हता; तेव्हा पूर्ण मापाचे पोशाख करण्याऐवजी तारेच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या पुतळ्यांना कपडे चढविण्यात आले. ‘तेआत्र द ला मोद’ या नावाने लूव्रच्या वास्तूत हे प्रदर्शन भरले. त्यातील गुंड्या खरोखर लागत, पिशव्या खरोखर उघडत. लाखभर लोक ते पाहून गेले आणि जमलेला पैसा युद्धपीडितांच्या मदतीस गेला. उपाशी शहराने आपला धंदा जिवंत आहे हे जगाला सांगितले, ते बाहुलीच्या मापाच्या कापडात. त्यांतील बरेचसे पुतळे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मेरीहिल येथील संग्रहालयात जतन झाले.

आता सर्वांच्या परिचयाच्या बाहुलीकडे येऊ. १९५९ च्या ९ मार्चला न्यूयॉर्कच्या खेळणी-मेळ्यात बार्बी प्रथम लोकांसमोर आली. उंची साडेअकरा इंच, किंमत तीन डॉलर. तिच्या कपड्यांच्या किमती होत्या एक डॉलरपासून पाच डॉलरपर्यंत. याचा अर्थ असा, की सर्वांत भारी पोशाख बाहुलीहूनही महाग होता. पहिल्याच वर्षी बावीसच्या आसपास पोशाख विक्रीस होते, आणि बाहुलीच्या खोक्यात त्यांच्या चित्रांची पुस्तिका असे. दोन डॉलरचा एक असे पाच पोशाख घेतले, की तीन डॉलरच्या बाहुलीवर दहा डॉलर चढले! रूथ हँडलर या चतुर बाईंनी धंद्याचे सूत्र ओळखले होते: बाहुली हे गिऱ्हाईक, आणि कपडे हा माल.

पण डॉलरभर किमतीत इतका नेटका पोशाख देणे साधले कसे? त्याचे आरेखन शार्लट जॉन्सन या अमेरिकन बाईंनी केले. त्यासाठी त्या टोकियोत जाऊन राहिल्या; बारीक नक्षीचे तलम कापड, चिमुकल्या गुंड्या, छोट्या चेनी यांसाठी त्यांनी हट्ट धरला. आणि हे कपडे शिवले जपानी स्त्रियांनी, पुष्कळदा आपापल्या घरी बसून, नगावर मजुरी घेऊन. युद्धातून सावरणाऱ्या देशात सराईत हात स्वस्त होते. पुढे तेथील मजुरी वाढली, तेव्हा हे काम आशियातील दुसऱ्या देशांकडे सरकले. किंमत नाहीशी झाली नाही. ती फक्त दूर, आपल्या दृष्टीआड, चुकती होऊ लागली.

आपल्याकडे बाहुली निराळ्या वाटेने आली. लाकडी ठकीचे लुगडे कोरलेले आणि रंगविलेलेच असे. ते बदलण्याचा प्रश्नच नव्हता. कपडे बदलावयाचे ते चिंध्यांच्या बाहुलीचे. चोळी शिवून उरलेला खणाचा कोपरा, जुन्या पातळाचा काठ, शिंप्याच्या दुकानातील कातरणे यांवर भातुकलीतील लग्ने थाटात लागत. तेथे अंदाजपत्रक होते ते आजीच्या गाठोड्याचे. बाहुलीच्या वेशाकडे संग्रहाच्या दृष्टीने पाहण्याचे श्रेय व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांना द्यावयास हवे. एका हंगेरियन बाहुलीपासून त्यांना ही ओढ लागली आणि १९६५ साली दिल्लीत त्यांचे आंतरराष्ट्रीय बाहुली-संग्रहालय उघडले. त्याच्या कार्यशाळेत भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे वेश बारकाईने अभ्यासून बाहुल्यांना चढविले गेले, आणि परदेशांतून आलेल्या बाहुल्यांची परतफेडही याच बाहुल्यांनी होऊ लागली.

आज मोठी माणसेही हौसेने बाहुल्या जमवितात, आणि जुन्या पोशाखांना मोठी मागणी असते. त्यांना हा इतिहास काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. एक, वर्षाची रक्कम आधी ठरवावी आणि तिचे तीन वाटे करावे: खरेदी, शिवण आणि जपणूक. खरेदीत पोशाख संपूर्ण आहे की नाही हे पाहावे. कारण झगा टिकतो, पण इवलासा बूट आणि हातमोजा आधी हरवतो, आणि मग त्या जोडीसाठी झग्याहून अधिक मोजावे लागते. दुसरे, जपणुकीला खर्च कमी धरू नये. गेल्या शतकाआधीचे पुष्कळ रेशीम वजन वाढविण्यासाठी धातूच्या क्षारांत बुडविलेले असे. ते घडीवर चिरते. टाचणी गंजून डाग पडतो, उन्हाने रंग उडतो, पहिल्या बार्बींच्या कानांतील डुलांनी तर कान हिरवे पडतात. तिसरे, कोणा अनाम आईने किंवा मुलीने घरी शिवलेला झगा बाजारात स्वस्त मिळतो म्हणून तो हलका समजू नये. त्यात त्या घराचे कापड, त्या काळाची पद्धत आणि शिकणाऱ्या हाताचा वाकडा टाका जपलेला असतो.

आणि नातीने नव्या झग्याचा हट्ट धरला, तर एक झगा विकत द्यावा व दुसरा तिच्याशेजारी बसून शिवावा. पहिल्याची किंमत दुकानातील चिठ्ठीवर असते. दुसऱ्याची तिला बोटांवर कळेल. मग एवढ्याशा कापडाला एवढे पैसे का, हे तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.