भारतीय वैद्यकीय पथक, चीनमधील : स्वयंसेवकाचे दैनंदिन जीवन

चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेले पाच डॉक्टरांचे पथक (१९३८). चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनातून निधी जमला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून जहाजाने निघाले. नेते मदन अटल यांना स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय कामाचा अनुभव होता. त्यांच्यासोबत नागपूरचे चोळकर (उपनेते), कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) होते. कँटनला सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये परतले.

पथकाविषयीचे बहुतेक मराठी लेखन कोटणिसांवर आणि त्यातही त्यांच्या मृत्यूवर केंद्रित आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक व त्यावरून व्ही. शांताराम यांनी काढलेला चित्रपट (१९४६) यांनी रणांगणावर अहोरात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची प्रतिमा घट्ट केली. सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची हकिकत अनेक चरित्रांत येते. ती खरी धरली, तरी परदेशी स्वयंसेवकाच्या सेवेचे मोल अशा अपवादात्मक प्रसंगांवरून ठरत नाही. ते ठरते नेहमीच्या दिवसांवरून : तो काय खातो, कोणत्या भाषेत बोलतो, कोणाला शिकवतो आणि घरून वाईट बातमी आल्यावर काय करतो. कोटणिसांच्या बाबतीत या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उपलब्ध साधनांतून देता येते. ते चुंगकिंगमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी आली. सोलापूरला परतण्याचा मार्ग तेव्हा मोकळा होता. तरी ते पथकाबरोबर फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. तेथे दवाखाने, शाळा, राहण्याच्या खोल्या सारे पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेले होते. रोजचे अन्न राळ्यांचे. जपानी फौजा आणि सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाची नाकेबंदी यांमुळे औषधे व हत्यारे नेहमीच अपुरी असत.

पुढे कोटणीस शान्शी-चाहार-होपेई या शत्रूच्या पिछाडीकडील प्रदेशात गेले; तेथे पक्की इमारत असलेले रुग्णालय नव्हतेच. जखमी शेतकऱ्यांच्या घरांत ठेवले जात, सामान खेचरांवर लादले जाई आणि जपानी मोहीम सुरू झाली की रुग्ण, परिचारिका, विद्यार्थी सगळेच डोंगरात हलत. अशा ठिकाणी एकट्या निष्णात शल्यचिकित्सकाचा उपयोग मर्यादित असतो. तेथे काम करणारे कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांच्या उदाहरणाने हे आधीच दिसले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन ते १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले आणि त्या भागाने आपला सर्वांत कुशल हात गमावला. कोटणिसांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की त्याच भाषेत ते वर्ग घेऊ लागले. त्यांनी बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शल्यविद्या शिकवली. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद स्वीकारले आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. प्रस्तुत नोंदीत शस्त्रक्रियांच्या आकड्यांपेक्षा या कामाला अधिक जागा दिली आहे; कारण प्रशिक्षित विद्यार्थी तुकड्यातुकड्यांनी विखुरला तरी काम चालू राहते, एकटा शिक्षक मात्र एकाच गावात असू शकतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की आघाडीवर रक्त वाहत असताना वर्ग घेणे ही चैन होती. पण तेथे फार थोडे डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेले होते. मलमपट्टी, जंतुनाशन, अस्थिभंगाला फळी बांधणे ही कामे कोणीतरी शिकवल्याशिवाय होणार नव्हती. शिवाय कोटणीस शिकवीत तेव्हाही शस्त्रक्रिया करीतच होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : डिसेंबर १९४१ नंतर पॅसिफिक युद्धामुळे परतीच्या वाटा बंद झाल्या, तेव्हा त्यांचे राहणे हा निर्णय न मानता नाइलाज मानावा. कालक्रम पाहता हे पटत नाही. अटल १९४० मध्ये प्रकृतीमुळे भारतात परतले होते. त्याच वाटेने कोटणीसही येऊ शकले असते. संचालकपदाची जबाबदारी त्यांनी वाटा बंद होण्यापूर्वीच पत्करली. बसूंनी पुढे येनानमध्ये काम करून १९४३ मध्ये भारत गाठला. म्हणजे युद्धकाळातही परतणे अवघड होते, अशक्य नव्हते.

परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस झालेला विवाह चित्रपटामुळे प्रेमकथा म्हणून परिचित आहे. येथे त्याचे महत्त्व वेगळे : पाहुणा म्हणून आलेला माणूस त्या समाजात संसार मांडतो, तेव्हा त्याला परका म्हणून वेगळी वागणूक मिळणे हळूहळू थांबते. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे यिनहुआ हे नाव, म्हणजे भारत व चीन, सेनानी न्ये रोंगचेन यांनी सुचविल्याचे सांगतात. चिनी साधनांनुसार कोटणीस त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. भारतीय लेखनात या गोष्टीचा उल्लेख कधी येतो, कधी गाळला जातो.

अपस्माराचे झटके येत असताना त्यांनी शिकवणे सोडले नाही. पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग पुरा झाला होता, दुसरा चालू होता. होपेई प्रांतातील तांग परगण्यात ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत असून सोलापुरात भैया चौकातील त्यांच्या घराचे स्मारक करण्यात आले आहे.