कानावरची गोष्ट आणि पाटीवरचे अक्षर : जुन्नर-आंबेगावातील बालवाचनाचा मागोवा

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या परिसरात अक्षर दोन हजार वर्षांपासून नांदत आले आहे. परंतु लहान मुलासाठी लिहिलेली गोष्ट त्या अक्षरात उतरली ती गेल्या दोनशे वर्षांतच, आणि या उशिराचा येथील बालशिक्षणावर खोल परिणाम झाला. नाणेघाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा मानला जाणारा जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांचे आकडे ओळीने येतात. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील लेखही दानाचेच आहेत: कुठे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यवसायसंघाने, लेणे व पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे, तर कुठे बांबूकाम करणाऱ्यांच्या वा कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची. घाटमाथ्याजवळच्या या व्यापारी गावाला अक्षर लागत होते ते मुख्यतः नोंदीसाठी, आणि ही गरज पुढे अनेक शतके शिक्षणाचे स्वरूप ठरवीत राहिली.

पेशवाईच्या अखेरीस, आणि 1818 मध्ये हा मुलूख कंपनी सरकारकडे गेल्यानंतरही बराच काळ, शिकणारी मुले बसत ती पंतोजीच्या शाळेत. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत भरणाऱ्या या शाळेत मूल प्रथम धुळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवी. मग बाराखडी, मग बोरूने मोडीचे कित्ते, आणि त्याच्या जोडीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकी. संध्याकाळी परवचा, म्हणजे पाठ केलेल्या साऱ्याची मोठ्याने उजळणी, होई. वाचता येऊ लागले याची खूण म्हणजे एखादे जुने मोडी पत्र अडखळल्यावाचून लावता येणे. कुलकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराची वही याच शिक्षणावर चालत असल्याने त्याची उपयुक्तता नाकारता येत नाही. पण पुढे काय झाले असेल या ओढीने मुलाची नजर ओळीवरून पुढे सरकावी, असा मजकूर या शाळेत त्याच्या हाती येत नसे.

गोष्टी मात्र शाळेच्या उंबऱ्याबाहेर उदंड होत्या. कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे निरूपणानंतरच्या भागात, आख्यान लागे. गोंधळी व वासुदेव दारी येत. आणि गावच्या जत्रेत रात्रभर चालणारा तमाशाचा वग, म्हणजे गण-गौळणीनंतर सादर होणारे कथानाट्य, मुले पेंगुळल्या डोळ्यांनी पाहत. नारायणगाव पुढे तमाशाचे मोठे केंद्र झाले आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने ते महाराष्ट्रभर पोचले, त्यामागे या परिसराची कथा ऐकण्याची जुनी सवय उभी आहे. घरात आजी सांगे ती चिमणी-कावळ्याची गोष्ट वरकरणी साधी, पण तिची घडण शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कावळा पावसात भिजत दाराशी येतो, दार उघडायला सांगतो, आणि चिमणी बाळाच्या आंघोळीपासून काजळ-तीटीपर्यंत दर वेळी नवे कारण देते. विनंती तीच राहते, उत्तर तेवढे बदलते. दोन-तीन फेऱ्यांनंतर ऐकणारे मूल पुढचे वाक्य स्वतःच म्हणू लागते, म्हणजे काय स्थिर आहे, काय बदलते आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधते. वाचकालाही ओळीगणिक हेच करावे लागते. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीतही जाताना भेटलेली जनावरे परतीच्या वाटेवर पुन्हा भेटतात, आणि घटनांचा क्रम मनात धरून ठेवण्याचा सराव मुलाला नकळत होतो.

छापील मराठी बालकथेचा आरंभ शासकीय आश्रयाने झाला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या गोष्टी निघाल्या होत्या, पण त्यांचा देशावर फारसा प्रसार झाला नाही. 1828 मध्ये सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही भाषांतरे मुंबईतून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ‘बाळमित्र’चे मूळ बेर्कां या फ्रेंच लेखकाचे होते आणि ते इंग्रजीवाटे मराठीत आले. पुढे मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके खेडोपाडीच्या सरकारी शाळांत रुजली. या पुस्तकांनी गोष्टीला वर्गात जागा दिली हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र ही गोष्ट बोधाच्या ओझ्याने वाकलेली होती, आणि इथल्या कुकडी व घोड नद्यांच्या खोऱ्यातील मुलाने घरी ऐकलेल्या भाषेशी व प्रसंगांशी तिचे नाते क्षीण होते.

कान आणि अक्षर यांची खरी भेट झाली ती शाळेपेक्षा घराच्या ओटीवर, असे म्हणावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या गणपत कृष्णाजींसारख्या छापखानदारांनी शिळाछापावर पोथ्या काढल्या आणि श्रीधराचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ गावोगाव पोचले. चातुर्मासात पोथी लागली की एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी रीत होती. श्रावणातल्या कहाण्याही छापील झाल्यावर घरातल्या निरक्षर बायकांना त्या वाचून दाखवण्याचे काम पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या पोराकडे येई. ते पोर जी कहाणी वाची ती त्याला आधीच तोंडपाठ असे, त्यामुळे अडलेला शब्द ओळखीच्या कथेच्या आधाराने सुटे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी चूक लगेच दुरुस्त करी. बालवाचनाच्या इतिहासात या घरगुती वाचनाची दखल फार थोडी घेतली गेली आहे, ही मोठी उणीव होय.

कुणब्यांच्या व अन्य श्रमिकांच्या मुलांना इतपत अक्षर तरी मिळावे यासाठी जो लढा झाला, त्याचे जुन्नर तालुका हे महत्त्वाचे क्षेत्र होते. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात शिक्षणासाठी शेतकऱ्यांकडून कर घेतला जातो, पण त्यांची मुले शाळेबाहेरच राहतात, ही तक्रार स्पष्ट मांडली आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. त्यांनी 1873 मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाला या तालुक्यातील ओतूरमध्ये कडवे अनुयायी लाभले. तमाशाच्या घाटात समाजप्रबोधनाचे कथानक गुंफणाऱ्या सत्यशोधक जलशाच्या आरंभीच्या प्रवर्तकांत ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव घेतले जाते. शिक्षणाचे महत्त्व सांगण्यासाठी या कार्यकर्त्यांनी व्याख्यानावरच न थांबता लोकांना परिचित असलेला कथेचा बाज स्वीकारला, यात लोकशिक्षणाची खोल जाण दिसते.

तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, भीमाशंकर ते नाणेघाट या डोंगरपट्ट्यात, अक्षराची ही वाट अधिक बिकट राहिली. येथील महादेव कोळी समाजात वाघोबा हा देव आहे, आणि वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी पोरे वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर रांधतात. एकजण वाघ होतो, बाकीचे त्याला पुन्हा शिवेत येशील का असे दरडावून विचारतात आणि पिटाळून लावतात. कथा, संवाद आणि अभिनय हे तिन्ही या खेळात एकवटलेले आहेत. जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी आदिवासी समाजांच्या संस्कृतीवर आयुष्यभर लेखन केले, त्यामुळे या जीवनाचा बराच भाग ग्रंथबद्ध झाला. परंतु तो अभ्यासकांपर्यंत जितका पोचला तितका पहिली-दुसरीच्या मुलापर्यंत पोचला नाही.

घरची कथा आणि शाळेतले वाचन यांतील असे अंतर अन्यत्रही नोंदले गेले आहे. अमेरिकी संशोधक शर्ली ब्राइस हीथ यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅरोलायना प्रांतांतील एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीचे चित्र आहे: तेथील मुले कल्पक कथा सांगण्यात तरबेज होती, पण शाळेची कथनरीत निराळी असल्याने ती वर्गात मागे पडत. 1986 मध्ये गॉफ व टनमर यांनी मांडलेल्या सूत्रानुसार वाचन म्हणजे अक्षर उलगडणे आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार. एक घटक शून्य असेल तर दुसरा कितीही मोठा असून उपयोग नाही. डोंगरपट्ट्यातील मुलाजवळ आकलनाची शिदोरी होती, पण ती त्याच्या बोलीत होती, आणि शाळेने ती पुष्कळदा उघडूनच पाहिली नाही.

1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि 1971 मध्ये तिचे ‘किशोर’ मासिक निघाले, तेव्हा उत्तम मराठी बालकथा स्वस्तात उपलब्ध झाली. त्याच सुमारास राज्यात आश्रमशाळांचा, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांचा, विस्तार झाला. आज या भागातील शासकीय आश्रमशाळा घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत येतात. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते गावही पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि खोऱ्यातील कुटुंबे विखुरली. आश्रमशाळेने दुर्गम पाड्यांवरच्या मुलांना जेवण, निवारा आणि पुस्तक दिले, पण आजीच्या गोष्टीची संध्याकाळ त्यांच्या बालपणातून उचलली गेली. श्रावण वसतिगृहात जातो. वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येत असल्याने तेवढ्यापुरते मूल घरी असते आणि सुट्टी संपली की पुन्हा शाळेत परतते. तेथे रात्रीच्या जेवणानंतरचा तास गोष्टीसाठी राखून ठेवणे आणि वाघोबाच्या कथा मुलांच्याच तोंडून उतरवून घेऊन वाचनाला लावणे शिक्षकांच्या हातचे आहे.